आडनाव काय म्हणालात?

बारामतीत विद्यानगरीच्या बाजूला झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर वर्षभर एकच मजकूर चिकटवलेला दिसतो. 'रूम पार्टनर पाहिजे. निर्व्यसनी, अभ्यासू, शाकाहारी असल्यास प्राधान्य.' खाली मोबाईल नंबर. जून-जुलै आला की हे कागद एकमेकांवर चढतात आणि जागा मात्र तेवढ्याच राहतात.

गर्दी का, ते सांगायला नको. १९६२ साली तुळजाराम चतुरचंद कॉलेज आलं, १९७२ ला विद्या प्रतिष्ठान, मग एमआयडीसी, २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेजसुद्धा. भिगवण, पळसदेव, निमगाव केतकीकडची पोरं पूर्वी एसटीचा पास काढून ये-जा करायची, अजूनही करतात. पण प्रॅक्टिकल, क्लास, सबमिशन सुरू झालं की खोली लागतेच. मी त्यांतलाच. गाव इंदापूर तालुक्यात, इंजिनिअरिंग बारामतीत, नोकरी हिंजवडीत. दहा वर्षांत सात खोल्या आणि अकरा रूम पार्टनर झाले. एवढ्या अनुभवावर पीएचडी मिळायला हरकत नव्हती. :)

तर या अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली. फोन केल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. पहिला प्रश्न 'गाव कुठलं?' आणि दुसरा 'आडनाव काय म्हणालात?' एका घरमालकांनी तर माझं आडनाव दोनदा विचारून 'विचार करून कळवतो' म्हणून फोन ठेवला होता. अजून विचार चालू असावा. तेव्हा राग आला होता, आता कुतूहल जास्त आहे. हा प्रश्न नेमका येतो कुठून? 'आपलं जमेल का?' याचं उत्तर आडनावात शोधायची सवय आपल्याला कधी लागली? या विकांताला पुस्तकं काढून बसलो, त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

आधी गावाचं. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला एकटा पुरुष राहायचा कुठे? गाववाल्यांच्या खोलीत. एका गाळ्यात दहा-पंधरा जण, ट्रंका भिंतीला, वळकट्या कोपऱ्यात. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर झोपणार. जेवण खाणावळीत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या, म्हणजे ही 'बॅचलर' वस्ती केवढी असेल बघा. यातले बरेचसे लग्न झालेले, फक्त बायको गावाकडे. इथे गाव विचारण्याला अर्थ होता. ओळखीचा माणूस म्हणजे आजारपणात बघणारा, पैसे बुडवून पळाला तर त्याच्या बापाला गाठता येणारा. गाव हे तेव्हाचं डिपॉझिट होतं.

पण गावाबरोबर जातही आपोआप यायची, आणि ज्याला ते डिपॉझिट भरताच येत नव्हतं त्याचं काय?

त्याची गोष्ट आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे, आणि लिहिणारा माणूस साधासुधा नाही. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांचे रूम पार्टनर होते नवल भथेना, एक पारशी विद्यार्थी. घरापासून हजारो मैलांवर दोघांचं असं जमलं की मैत्री आयुष्यभर टिकली. १९२० साली अपुरं शिक्षण पुरं करायला आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, तेव्हा पैशांची जुळवाजुळव करण्यात शाहू महाराजांच्या मदतीबरोबर भथेनांचाही हात होता. रूम पार्टनर असावा तर असा!

आता याच माणसाची दुसरी खोली बघा. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठांत शिकून आलेला माणूस, नोकरी खुद्द संस्थानात, आणि राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलं अस्पृश्याला घेणार नाहीत. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, बाकी मोठा ओसाड हॉल, रात्री एक कंदील, आणि सोबतीला कोणी नाही. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करायला सांगून गेली.

यापुढचा भाग मला जास्त लागतो. आंबेडकर दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिश्चन. पहिला म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. दोघांपैकी कोणीही शिवी दिली नाही, काठी उगारली नाही. 'आमची काही हरकत नाही हो, पण...' हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? आजही घरमालक 'सोसायटीतले लोक' म्हणतो आणि पार्टनर 'घरचे' म्हणतो. नकार नेहमी खोलीत नसलेल्या तिसऱ्याच माणसाचा असतो. त्या संध्याकाळी मुंबईच्या गाडीला वेळ होता म्हणून आंबेडकर काही तास कामाठी बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात हे सगळं आहे. वाचलं नसेल तर जरूर वाचा, तासाभरात होतं.

जागेचा हा प्रश्न कोल्हापुरात शाहू महाराजांपुढेही होता. १८९६ च्या सुमारास त्यांनी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं, पण तिथे हळूहळू फक्त ब्राह्मण विद्यार्थीच उरले. मग त्यांनी वेगळा मार्ग धरला. १९०१ साली मराठा बोर्डिंग, त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येक जातीला स्वतःचं छप्पर. आज ऐकायला हे विचित्र वाटतं, पण शाळेच्या दारापर्यंत पोर पोचायचं तर आधी त्याला झोपायला जागा पाहिजे होती, आणि ती या पद्धतीने मिळाली.

त्यातल्याच जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक पोरगा राहत होता, भाऊराव पाटील. चरित्रकार सांगतात की मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्याला अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही असं सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. म्हणजे पुढे ज्यांना आपण कर्मवीर म्हणतो, ते एकेकाळी खोलीतून काढलेले पार्टनर होते!

त्यांनी याचं उत्तर १९२४ साली साताऱ्यात दिलं. एकच बोर्डिंग, सगळ्या जातीची पोरं, एकच पंगत. १९२७ साली गांधीजींनी भेट दिली आणि छत्रपती शाहूंचं नाव त्याला मिळालं. पोरं पाणी भरायची, स्वयंपाकाला हात लावायची, शेतात राबायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यातही असंच युनियन बोर्डिंग निघालं. मला यात इंजिनिअर म्हणून जे दिसतं ते हे: भाऊरावांनी 'कोणाचं कोणाशी जमेल' हे आधी ठरवलंच नाही. कामं वाटून दिली. आज पाणी कोण भरणार आणि भाकरी कोण थापणार हे एकदा ठरलं की जमतंच, किंवा निदान चालतं. जमणं ही एंट्रीची अट नव्हती, ते एकत्र राहण्याचं आउटपुट होतं.

आता तुम्ही म्हणाल, बोर्डिंगला शिस्त लावणारे अण्णा होते, आमच्या टू बीएचकेत कोण आहे? बरोबर आहे. शिवाय बाजार टंचाईचा असला की निवडणाऱ्याचा हात वर असतो. त्यात कायद्याचाही वाटा आहे. मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला घट्ट संरक्षण देणारा होता. ते टाळायला मालकांनी लीव्ह अँड लायसन्स सुरू केलं, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सवाल्यांनाही दुरुस्ती करून भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालकांनी धसका घेतला आणि घरं कुलपात गेली. १९९९ च्या कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, मुदत संपल्यावर जागा परत मिळवणं सोपं केलं. त्या भीतीचं कारण बरंचसं गेलं, पण 'आपल्यातला' शोधायची सवय राहिली, असं आपलं माझं मत.

आणि निवड करूच नये असंही मी म्हणत नाही. रात्री दोनला लाईट चालू ठेवणाऱ्याबरोबर राहणं सोपं नाही. खुद्द आंबेडकरांचा लंडनमधला रूम पार्टनर त्यांना 'आता झोपा' म्हणून सांगायचा असं कीरांच्या चरित्रात आहे! एकट्या राहणाऱ्या मुलीला सुरक्षितता बघावीच लागते. ज्याला मटणाचा वास सहन होत नाही त्याने तसं सरळ सांगावं. फक्त सवयी विचारा. झोपतोस कधी, भांडी घासतोस का, पाहुणे किती, भाडं पाच तारखेला देतोस का. या प्रश्नांची उत्तरं माणूस बदलूही शकतो. आडनाव विचारून यातलं एकही कळत नाही. माझ्या अकरांपैकी सगळ्यात त्रासदायक पार्टनर माझ्याच तालुक्यातला, माझ्याच आडनावाचा होता. आणि सगळ्यात चांगल्याचं आडनाव मला पहिले दोन महिने माहीतच नव्हतं, मोबाईलमध्ये तो नुसता 'कॉट नंबर ३' होता.

असो, लांबलं. सध्या आमच्याकडे एक कॉट रिकामी आहे. कागद मीच लिहिलाय: भाडं, डिपॉझिट, आणि खाली भांडी घासायचं वेळापत्रक.