व्हिस्कीची वाट इतकी सपाट का? स्पे नदीकाठचा पायी वाचलेला इतिहास

आजचा आपला विषय एक पायवाट आहे. स्कॉटलंडच्या ईशान्येला स्पे नावाची नदी वाहते. समुद्रकाठच्या बकी गावापासून डोंगरातल्या न्यूटनमोरपर्यंत, बराचसा भाग या नदीच्या सोबतीने, साधारण 137 किलोमीटरची 'स्पेसाइड वे' ही वाट जाते. लांब पल्ल्याची पहिलीच पायी सुट्टी काढायची असेल तर पुष्कळ जण ही वाट निवडतात. आम्हीही तेच केलं. रोज मुक्कामाला गाव मिळतं, वाट चुकत नाही आणि आजूबाजूला व्हिस्कीच्या भट्ट्या आहेत.

क्रेगेलाकी ते बॅलिन्डॅलॉक हा मधला टप्पा चालताना मात्र सह्याद्रीत घडलेल्या पायांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि आपण मात्र सपाटीवरून चाललोय! घाट नाही, पायऱ्या नाहीत, धाप नाही. डोंगरी मुलखात अशी वाट आपोआप तयार होत नसते. मग ही कुणी केली, आणि कशासाठी? याचं उत्तर शोधायला आपल्याला दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या खोऱ्यातल्या कुळांची अडचण अशी होती की जमीनदाराला खंड रोख द्यायचा, आणि शेतात पिकायचं जव. जवाची पोती डोंगरापलीकडच्या बाजारात न्यायची तर वाहतूकच अंगावर यायची. त्याच जवाला मोड आणायचे, ते पीटच्या धुरात वाळवायचे, आंबवायचे आणि त्यापासून दारू गाळायची. मग तोच माल थोडक्या वजनात आणि चांगल्या किमतीला घोड्याच्या पाठीवरून जायचा. उरलेला चोथा हिवाळ्यात गुरांना. थोडक्यात, हातभट्टी हा इथे शेतीचाच एक भाग होता. सरकारच्या लेखी तो गुन्हा होता, कारण कर भरलेला नसे. जमीनदार काणाडोळा करत, कारण त्यांचा खंड त्यातूनच येत होता.

या मुलखातल्या जुन्या वाटा म्हणूनच नदीकाठच्या नाहीत, त्या डोंगरावरून जातात. लिव्हेट नदीच्या खोऱ्यातून रात्री निघालेली घोडी अबकारी शिपायांना चुकवत खिंडी ओलांडून दक्षिणेला उतरायची. इथली एक गोष्ट आजही सांगतात. कार्डोच्या शेतावर हेलन कमिंग ही बाई राहायची. अबकारी अंमलदार आले की ती त्यांना आग्रहाने जेवायला बसवी आणि मागच्या बाजूला लाल निशाण चढवी. ते दिसलं की खोऱ्यातल्या बाकीच्या भट्ट्या विझायच्या.

मग आला 1823 चा अबकारी कायदा. या भागातले मोठे जमीनदार, गॉर्डनचे ड्यूक, यांनी त्यासाठी उमरावांच्या सभागृहात वजन खर्च केलं होतं. कायद्याचा मतलब सरळ होता: वर्षाला 10 पौंड भरा, परवाना घ्या; कर निम्म्याहूनही कमी करतो; पण भांडं किमान 40 गॅलनचं, म्हणजे सुमारे 180 लिटरचं पाहिजे. ड्यूकच्याच कुळांपैकी जॉर्ज स्मिथ याने 1824 मध्ये ग्लेनलिव्हेटला परवाना घेतला. शेजाऱ्यांना हा फितुरीचा प्रकार वाटला. त्यांनी भट्टी जाळण्याच्या धमक्या दिल्या, आणि स्मिथ कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरू लागला. ती पिस्तुलं त्याला दिली होती ॲबरलौरच्या जमीनदाराने.

शेजारी चिडले, ते नुसत्या मत्सरापोटी असं म्हणता येणार नाही. 40 गॅलनचं भांडं आणि परवान्याची रक्कम ज्याला परवडते तो कारखानदार होणार, ज्याला परवडत नाही तो गुन्हेगारच राहणार, हे त्यांना दिसत होतं. आणि झालंही तसंच. काही वर्षांत हातभट्ट्या ओसरल्या. पुढे 'ग्लेनलिव्हेट' या नावावरून कोर्टकचेरी झाली, आणि 1884 मध्ये तडजोड ठरली की नुसतं ते नाव स्मिथ घराण्याच्या मालालाच लावता येईल. इतरांनी ते आपल्या नावापुढे जोडावं. चोरट्या भट्ट्यांनी ज्या खोऱ्याचं नाव गाजवलं, त्या नावाची मालकी एका घराकडे आली.

आता आपल्या सपाट वाटेकडे येऊ. कायदेशीर भट्टीला लपायचं कारण उरत नाही. तिला कोळसा हवा, बाहेरून जव हवं, पिंपं बंदरापर्यंत जायला हवीत. 1863 मध्ये स्पेच्या काठाने स्ट्रॅथस्पे रेल्वे सुरू झाली आणि व्हिस्की डोंगरातून रुळाशेजारी उतरली. 1869 ची क्रॅगनमोर भट्टी रेल्वे जवळ आहे हे पाहूनच बांधली गेली. 1890 च्या दशकात टॅमडू, नॉकँडू, इम्पीरियल अशी रांगच लागली. तेजी इतकी की 1898 मध्ये पॅटिसन बंधूंची लीथची पेढी बुडाली, तेव्हा तिच्यासोबत अनेक जण बुडाले. त्याच वर्षी उभी राहिलेली बेनरिआक भट्टी 1900 मध्ये बंद पडली ती थेट 1965 पर्यंत.

1965 हे वर्ष लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी या रेल्वेवरची प्रवासी गाडी बंद झाली. ट्रक आले होते, रूळ तोट्यात होते. पुढे मालगाड्याही थांबल्या, रूळ उखडले, आणि मागे उरला तो भराव. 1967 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटांची सोय केली होती. त्या आधारावर 1981 मध्ये स्पेसाइड वेचा पहिला भाग समुद्रापासून बॅलिन्डॅलॉकपर्यंत खुला झाला. ॲव्हिमोरपर्यंत पोचायला 2000 साल उजाडलं. वाट सपाट का, याचं उत्तर हे: वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नव्हता. आपल्या पायांना आज जो आराम मिळतो, तो मुळात व्हिस्कीच्या पिंपांसाठी केलेला आहे.

चालताना हे डोळ्यांनी वाचता येतं. ॲबरलौरचं जुनं स्टेशन तसंच उभं आहे. टॅमडूला फलाटाशेजारीच भट्टी. क्रेगेलाकीला 1814 चा, टेलफर्डने बांधलेला बिडाचा पूल. 1829 च्या महापुरात खोऱ्यातले कितीतरी पूल वाहून गेले, हा टिकला. जिंकलेल्यांच्या खुणा अशा दगडालोखंडात असतात. हरलेल्यांच्या, म्हणजे त्या कुळांच्या खुणा शोधायला नदी सोडून टमिन्टूलच्या फाट्याने ग्लेनलिव्हेटकडे वर चढावं लागतं. तिथे चढ आहे, चिखल आहे, वारा आहे.

आज भट्ट्यांच्या दुकानांत तस्करांच्या गोष्टी बाटलीसोबत विकल्या जातात. गोष्टी रंगतदार आहेत, ऐकाव्यातही. पण ज्या कायद्याने हा धंदा मोठा झाला, त्याच कायद्याने ते तस्कर संपले, हे सोबत आठवावं. तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदा ही वाट चालणार असेल, तर एवढंच सांगू: चार दिवस रुळाच्या वाटेने चाला, आणि एक दिवस घोड्यांच्या वाटेसाठी राखून ठेवा.