गडाची चावी कुणाकडे? (एपिसोडचा मजकूर)

आज आपण गडावर चाललोय. पण तटबंदी बघायला नाही, चावी बघायला.

मध्यंतरी आमच्या ऑफिसात एक प्रकार झाला. शनिवारी रात्री सर्व्हर बंद पडला आणि पासवर्ड एकाच माणसाकडे. तो गावी लग्नाला, फोनला रेंज नाही. आम्ही रात्रभर नुसते बसून. आणि तेव्हा, खरं सांगतो, मला शिवाजी महाराजांचे गड आठवले.

कडा कितीही उंच असू दे, एक भीती उरतेच: आतलाच माणूस फितूर झाला तर? म्हणून महाराजांनी गड एकाच्या हाती ठेवलाच नाही. हवालदाराकडे शिबंदी आणि दरवाजाच्या किल्ल्या. सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब. कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा, सामानसुमान. सभासद बखर सांगते की हे तिघे वेगवेगळ्या जातींचे असत. म्हणजे तिघांनी मिळून गड विकणं अवघड. एकाला फोडलं तरी दोघं उरतात.

दुसरी गोष्ट पाणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांवर एक अख्खं प्रकरण आहे. जागा कितीही बेलाग असली तरी आधी पाणी बघा, आणि एक झरा सापडला म्हणून निवांत बसू नका, टाकी खोदून साठा ठेवा, असा त्याचा भाव. समोर गडाहून उंच डोंगर नको, हेही त्यात आहे. वेढा पडला की भिंतीआधी पाणी संपतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता खरी परीक्षा. साल १६८९. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडला. वर्ष संपायच्या आत राजधानी मोगलांच्या हाती गेली, येसूबाई आणि लहानगे शाहू कैद झाले. कुठलंही राज्य इथे संपलं असतं.

पण राजाराम महाराज आधीच रायगडावरून निघाले होते. ते पोचले थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये, दक्षिणेच्या मोहिमेत घेतला होता. तेव्हा कुणाला वाटलं असेल, एवढ्या लांबचा किल्ला कशाला? बारा वर्षांनी तोच राजधानी झाला. आमच्या भाषेत, बॅकअप. मोगलांना जिंजी घ्यायला जवळपास आठ वर्षं लागली, आणि १६९८ मध्ये किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज निसटलेले होते. आणि गंमत बघा, मघाशी सांगितलेली सभासद बखर लिहिली गेली ती याच जिंजीत!

मग औरंगजेब स्वतः सह्याद्रीत उतरला. साताऱ्याला, १७०० मध्ये, एका गडासाठी त्याचे महिनोन्‌महिने गेले. काही गड लढून घेतले, बरेचसे पैसे मोजून. मराठ्यांनी पैसे घेतले, गड सोडले आणि बादशहाची पाठ फिरल्यावर त्यातले कितीतरी परत जिंकले. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला, दख्खन न जिंकताच.

मग १८१८ मध्ये हेच गड काही महिन्यांत कसे पडले? तोफा सुधारल्या होत्या, हे खरं. रायगडावर उखळी तोफांच्या गोळ्यांनी आग लागली, वाडे जळाले आणि मे महिन्यात गड इंग्रजांकडे गेला. पण मला वाटतं, मोठं कारण वेगळं आहे. १६८९ मध्ये एक गड पडला की तो परत घेणारं कुणीतरी बाहेर होतं. १८१८ मध्ये पेशवा पळत होता आणि प्रत्येक गड एकटा लढत होता. दगड तेच होते, त्यांना जोडणारी माणसं राहिली नव्हती.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा जिंजी. पुढच्या ट्रेकला बुरुजावर सेल्फी काढाच, पण पाण्याच्या टाक्यापाशीही दोन मिनिटं थांबा. राज्य तिथून टिकलं होतं.

आणि हो, त्या सर्व्हरचा पासवर्ड आता आमच्याकडे तिघांना माहीत आहे. भेटू पुढच्या भागात!