भिंतीवरचा डाग कोणी सांगायचा?



पावसाळा सरत आला की कोकणातल्या घरांना एक वास येतो. भिजलेल्या चुन्याचा, सादळलेल्या कागदांचा, ट्रंकेत ठेवलेल्या कपड्यांचा. माझे वडील कारकून होते. आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मागच्या खोलीच्या भिंतीवर दर जुलैमध्ये काळे ठिपके उमटत आणि गणपती येईपर्यंत त्यांचा एक मोठा डाग होई. धाकटा भाऊ त्याच भिंतीला लागून झोपे. रात्री त्याला दम लागे, आणि अम्मी त्याला मांडीवर बसवून पहाट करी.

वडिलांनी किती अर्ज केले ते आता आठवत नाही. एकदा मात्र पाहणीला ओव्हरसियर आले होते. त्यांनी भिंतीला बोट लावले, ते रुमालाला पुसले आणि वहीत काहीतरी लिहिले. काय लिहिले ते आम्हाला दाखवले नाही. जाताना अम्मीला एवढेच म्हणाले, "तुम्ही लोक पाणी फार सांडता." दिवाळीच्या आधी भिंतीवर चुन्याचा हात फिरला. पुढच्या जुलैत ठिपके परत आले.

हे सारे मी विसरलो होतो. आठवण करून दिली ती माझ्या भाच्याने. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे गाव आहे. आमच्या कोकणी मुसलमानांची बरीच घरे तिथे आहेत. भाच्याने तिथे एक जुने घर घ्यायचे ठरवले. तिकडे घर घेण्याआधी खरेदीदार बहुधा एका तज्ज्ञ सर्व्हेयरकडून त्याची पाहणी करून घेतो. या अहवालात घराच्या प्रत्येक भागाला सिग्नलच्या दिव्यांसारखा रंग देतात : हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे दुरुस्ती हवी, लाल म्हणजे गंभीर. भाच्याने फोनवर मला एक वाक्य वाचून दाखवले. निजायच्या खोलीत ओलावा आढळला, पुढील तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी. पुढे रंग होता पिवळा. भाचा म्हणाला, "मामू, याचा अर्थ काय घ्यायचा? बुरशी आहे की नाही, एवढेच हा माणूस का सांगत नाही?"

मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. बांधकामातले मला काय कळणार? पण प्रश्न मनात राहिला. जो माणूस दुसऱ्याच्या घराची भिंत पाहायला जातो, त्याने काय सांगायचे आणि कोणाला सांगायचे? शोधू लागलो तेव्हा कळले की हा प्रश्न फार जुना आहे.

आम्ही ज्याला तौरात म्हणतो, त्यातील लेवीय नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या पाहणीचे नियम दिले आहेत. भिंतीवर चट्ट्यासारखे काही दिसले, तर घरमालकाने याजकाकडे जाऊन तसे सांगायचे. याजकाने आत जाण्याआधी घर रिकामे करायला लावायचे, म्हणजे आतले सामान अशुद्ध ठरायला नको. मग पाहणी करायची, आणि चट्टे हिरवट किंवा तांबूस, पृष्ठभागापेक्षा खोल गेलेले वाटले, तर घर सात दिवस बंद ठेवायचे. सातव्या दिवशी पुन्हा पाहायचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतून भिंती खरवडायच्या, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. त्यानंतरही चट्टा उमटला तर घर पाडायचे. पसरला नाही तर घर शुद्ध झाल्याचे जाहीर करायचे.

हा चट्टा म्हणजे बुरशीच असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि बायबलच्या काही आधुनिक इंग्रजी भाषांतरांत तसाच शब्द योजला आहे. मला त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. पाहणाऱ्याला मुदत आहे. पाहणाऱ्याने पुन्हा यायचे आहे. आणि जे दिसले ते उघडपणे बोलायचे आहे. नुसता चुन्याचा हात फिरवायची सोय त्या नियमात नाही. पुढच्या काळातील यहुदी धर्मपंडितांनी मात्र हा चट्टा घरमालकाच्या चिक्कूपणाशी जोडला. म्हणजे भिंतीचा दोष राहणाऱ्याच्या माथी मारण्याची खोडही तितकीच जुनी आहे.

आपल्याकडे घराच्या पाहणीची मोठी धास्ती बसली ती प्लेगच्या काळात. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. अंधाऱ्या, दमट, कोंदट घरांतच तो पोसला जातो, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. पाहणी पथके घराघरांत शिरली. भिंतींना चुना लावला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली, आणि कित्येक घरांवर 'यू.एच.एच.' ही तीन अक्षरे रंगवली. अर्थ असा, की हे घर माणसाने राहण्याजोगे नाही. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी 1898 साली दाखवले, पण ते सर्वांच्या गळी उतरायला वेळ लागला. ती घरे दमट होती हे खोटे नव्हते. पण अहवाल जात होता सरकारकडे, आणि आत राहणाऱ्याच्या वाट्याला आली ती भिंतीवरची तीन इंग्रजी अक्षरे. त्यांतल्या कितीजणांना ती वाचता येत होती? पाहणारा होता, नोंद होती, पण ती नोंद राहणाऱ्यासाठी नव्हती.

ही नोंद कोणासाठी, हा प्रश्न इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर 1989 साली आला. एका बाईंनी एक साधे घर कर्ज काढून घेतले होते. कर्ज देणाऱ्या संस्थेने सर्व्हेयर पाठवला, त्याची फी बाईंनी भरली. मोठ्या दुरुस्तीची गरज नाही, असे त्याने लिहिले. खालच्या मजल्यावरचा धुराड्याचा भाग आधीच्या कोणीतरी काढून टाकला होता आणि वरच्या विटा आधाराविना राहिल्या होत्या, हे त्याने तपासले नाही. सुमारे दीड वर्षाने त्या विटा छपरातून खाली आल्या. सर्व्हेयरांचे म्हणणे असे, की आमचा अहवाल कर्ज देणाऱ्यासाठी होता आणि आम्ही जबाबदार नाही असे आम्ही आधीच छापले होते. न्यायमूर्तींनी ते मानले नाही. साधे घर घेणारा साधा माणूस याच अहवालावर विसंबतो हे सर्व्हेयरला ठाऊक असते, म्हणून त्या माणसाशीही त्याचे कर्तव्य आहे, असा निकाल झाला. तो खटला विटांचा होता, बुरशीचा नव्हे. पण पाहणाऱ्याचे कर्तव्य कोणाशी, याचे उत्तर त्यातून मिळाले.

बुरशीचा गाजावाजा झाला तो अमेरिकेत. तिथे घरांची पाहणी करणाऱ्यांची संघटना 1976 साली स्थापन झाली. तिच्या नियमांत पाहणी म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढीच पाहणी, आणि बुरशी आहे की नाही हे ठरवणे पाहणाऱ्यावर बंधनकारक नाही. 2001 साली टेक्सासमध्ये एका कुटुंबाच्या पाणी मुरलेल्या, बुरशी धरलेल्या घराबद्दल ज्यूरीने विमा कंपनीविरुद्ध 3 कोटी 20 लाख डॉलरचा निकाल दिला. अपिलात ती रक्कम सुमारे 40 लाखांवर आली. पण तोवर विमा कंपन्यांनी धसका घेतला होता. पॉलिसींतून बुरशी वगळली जाऊ लागली. 2003 साली टेक्सासने कायदा केला. बुरशी तपासणाऱ्याला आणि ती काढणाऱ्याला परवाना हवा, आणि एकाच कामावर दोन्ही एकाने करायचे नाही. जो डाग दाखवतो त्यालाच डाग काढण्याचे पैसे मिळू लागले, तर डाग वाढत जाणार, हे साधे शहाणपण त्यामागे आहे.

आता पाहणी करणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, आम्ही भिंत फोडून पाहू शकत नाही. काळी दिसणारी प्रत्येक गोष्ट बुरशी नसते. बुरशीचे बीजकण तर सगळ्याच हवेत असतात. हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 सालच्या मार्गदर्शिकेत अमुक इतके कण चालतील, अशी मर्यादा दिलेली नाही. तिने सांगितले ते असे, की ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे विकार अधिक आढळतात, म्हणून ओलच हटवावी. याचा अर्थ असा, की पाहणाऱ्याला बुरशीचे शास्त्रीय नाव सांगता आले नाही तरी चालेल. डाग कुठे आहे, केवढा आहे, वास येतो का आणि पाणी कुठून मुरत असावे, हे त्याने लिहायला हवे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि ते लिहून कोणी हलले नाही तर काय होते, हे रॉचडेलने दाखवले. हे गाव ब्लॅकबर्नपासून फार लांब नाही. सुदानहून आलेले एक कुटुंब तिथे एका गृहसंस्थेच्या भाड्याच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहत होते. 2017 साली वडिलांनी बुरशीची तक्रार केली. त्यावर रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले. मग अवाब नावाचा मुलगा जन्मला. जून 2020 मध्ये वडील वकिलाकडे गेले. जुलैमध्ये आरोग्यसेविकेने संस्थेला काळजीने कळवले. त्याच महिन्यात पाहणी झाली आणि स्वयंपाकघरात व न्हाणीघरात बुरशी असल्याचे नोंदले गेले. पण दावा मिटेपर्यंत दुरुस्ती करायची नाही, असा संस्थेचा शिरस्ता होता. डिसेंबर 2020 मध्ये, नुकताच दोन वर्षांचा झालेला अवाब श्वसनाच्या विकाराने गेला. घरातील बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष कॉरोनरने नोव्हेंबर 2022 मध्ये काढला.

त्या चौकशीत पुढे आलेला एक तपशील वाचून मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. हे लोक बादलीने आंघोळ करतात, धर्माप्रमाणे अंग धुतात, म्हणून घरात ओल येते, असा समज संस्थेच्या माणसांनी करून घेतला होता. श्रोतेहो, बादली आणि तांब्या! अवघा महाराष्ट्र असाच न्हातो. नमाजाआधी मी दिवसातून पाच वेळा हातपाय धुतो. शेजारचे जोशीकाका पहाटे डोक्यावरून तांब्ये ओततात. माणसाच्या श्वासाने, आंघोळीने, भात शिजवण्याने घरात वाफ होतेच. ती बाहेर जायला वाट हवी. त्या न्हाणीघरातली हवा खेळती नव्हती, आणि रोजचे साधे जगणे पेलण्याजोगी सोयच त्या घरात नव्हती, असे कॉरोनरने नोंदवले. राहणीबद्दल आम्ही समज करून घेतले ते चुकले, अशी कबुली पुढे संस्थेनेही दिली.

अवाबच्या आईवडिलांच्या झगड्यातून 2023 साली कायदा झाला. तो मुलाच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा पहिला टप्पा ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधील सामाजिक भाड्याच्या घरांना लागू झाला. ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी कामाच्या 10 दिवसांत करायची. तपासणी संपल्यावर कामाच्या 5 दिवसांत धोका दूर करायचा. तातडीचा धोका असेल तर तपासणी आणि उपाय दोन्ही 24 तासांत. आणि मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे : तपासणी संपल्यापासून कामाच्या 3 दिवसांत काय आढळले त्याचा लेखी गोषवारा भाडेकरूच्या हाती द्यायचा. पाहणाऱ्याला मुदत, आणि पाहिलेले सांगायची सक्ती. तौरातमधली जुनी रीत अशी फिरून परत आली. तिच्यासाठी एक मूल जावे लागले.

भाच्याला मी एवढेच सांगितले, की सर्व्हेयरला पत्र लिही, डाग केवढा आहे आणि पाणी कुठून येते ते विचार. उत्तर आले. कपाटामागे वीतभर डाग होता आणि बाहेरचे पन्हाळ फुटले होते. विकणाऱ्याने पन्हाळ बदलून दिले, गिलावा नवा करून दिला. आता भाचा तिथे राहतो.

माझा भाऊ आज साठीला टेकला आहे. पावसाळ्यात त्याच्या खिशात दम्याचा पंप असतो. ओव्हरसियरच्या त्या वहीत काय लिहिले होते, हे आम्हाला कधीच कळले नाही. कदाचित त्यांनी खरे तेच लिहिले असेल. म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घराची भिंत पाहायला कोणी आले, तर चहा जरूर पाजा, पण काय पाहिले ते लेखी मागून घ्या. आणि पाहायला जाणारे तुम्ही असाल, तर राहणाऱ्याच्या राहणीकडे बोट दाखवण्याआधी त्या भिंतीला एकदा हात लावा.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)