चंग पुन्हा कसा बोलला?

उर्दू-फारसी शायरी वाचणाऱ्यांना 'चंग-ओ-रबाब' ही जोडी नवी नाही. त्यातला रबाब काश्मिरात आजही वाजतो. चंग मात्र शायरीत उरला आणि मैफलीतून गेला. वाकलेल्या लाकडाला अनेक तारा जोडलेले, उभे धरून दोन्ही हातांनी छेडायचे हे वाद्य. इराणी आणि उस्मानी लघुचित्रांत ते जागोजागी दिसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इस्तंबूलच्या दरबारातून ते मागे पडले. त्याची एक अडचण उघड होती. प्रत्येक तारेला एकच स्वर असल्याने एका मकामातून दुसऱ्या मकामात जायचे तर तारा पुन्हा लावाव्या लागत.

तीनशे वर्षे मुके असलेल्या वाद्याचे ध्वनिमुद्रण कसे करायचे? इस्तंबूलचे केमेन्चेवादक फिक्रेत कारकाया यांनी या कामाचा अक्षरशः चंग बांधला. त्यांच्यापुढे जुना नमुना नव्हता. होती ती लघुचित्रे आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी अहमद-ए-दाई याने रचलेले 'चंगनामा' हे तुर्की काव्य. त्यात चंगचे चार भाग आपापली कहाणी सांगतात : तारांचे रेशीम, सांगाड्याचे सरूचे लाकूड, वर ताणलेले हरणाचे कातडे आणि घोड्याचे केस. कवीला सांगायचा होता तो विरह. कारागिराला त्यातून सामानाची यादी मिळाली. 1996 साली कारकाया यांनी 'बेझमारा' हा वाद्यवृंद उभा केला. हे नाव म्हणजे आपल्या ओळखीचे 'बज्म-आरा', मैफल सजवणारा. चंगबरोबर शाहरूद, कोपूझ अशी विस्मरणात गेलेली तंतुवाद्येही त्यांनी पुन्हा वाजती केली.

वाद्य झाले, वाजवायचे काय? उस्मानी संगीत उस्तादाकडून शागिर्दाकडे 'मश्क'च्या वाटेने, म्हणजे समोर बसून घेतलेल्या तालमीतून जात असे. चिजा लिहून ठेवण्याची रीत फारशी नव्हती. तरीही सतराव्या शतकातल्या शेकडो रचना आज हाती आहेत, आणि त्या मुख्यतः बाहेरून आलेल्या दोघांमुळे. पहिला अली उफ्की. मूळचा पोलंडचा, कैद होऊन इस्तंबूलला आला, मुसलमान झाला आणि राजवाड्यात संतूर वाजवू लागला. त्याने युरोपीय स्वरलिपी वापरली, पण ती उजवीकडून डावीकडे लिहिली, म्हणजे खालचे तुर्की शब्द सुरांबरोबर चालतील. दुसरा मोल्दावियाचा राजपुत्र दिमित्री कांतेमीर (1673-1723). ओलीस म्हणून आलेला हा तरुण तंबूर शिकला. अरबी अक्षरांची स्वतःची स्वरलिपी बसवून त्याने सुमारे 350 रचना टिपल्या आणि तो ग्रंथ सुलतान अहमद तिसरा याला अर्पण केला.

कागदावर सूर मिळाले तरी लय मिळत नाही. संशोधक ओवेन राइट यांनी कांतेमीरच्या नोंदी नंतरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. तेव्हा दिसले की पिढ्यान्‌पिढ्या तालाचे आवर्तन संथ होत गेले आणि मोकळ्या जागा नव्या सुरांनी भरत गेल्या. त्यामुळे जुनी चीज आजच्या संथ चालीने वाजवली तर ती ओकीबोकी वाटते. ती वेगाने घ्यावी, तर उस्तादांच्या कानाला परकी लागते. म्हणून असे प्रत्येक मुद्रण हा एक सप्रमाण अंदाजच असतो. जोर्दी सावाल या स्पेनच्या वादकाने 2009 साली कांतेमीरच्या रचना मुद्रित केल्या तेव्हा वेगळी वाट धरली. त्याने तुर्की वादकांना सोबत घेतले आणि युरोपातली जुनी गजाची वाद्ये त्यांच्या ऊदशेजारी ठेवली. बेझमाराने हरवलेली वाद्ये शोधली. सावालने जिवंत मश्कचा आधार घेतला. एकाला वाद्याचा आवाज मिळाला, दुसऱ्याला हाताचे वळण. दोन्ही एकत्र मिळणे अवघड, कारण चंगच्या शेवटच्या उस्तादाबरोबर त्याचे बोटांचे ज्ञानही गेले.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. मिरजेत फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून मुस्लिम कारागिरांची घराणी सतारी आणि तंबोरे घडवत आली आहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाचे रक्षण करते. भोपळा निवडणारी नजर आणि जवारी काढणारा हात मात्र मुलाने बापाशेजारी बसूनच उचलावा लागतो. ती बैठक मोडली, तर उद्याच्या संशोधकाला आपल्या तंबोऱ्याची छायाचित्रे मिळतील, मापे मिळतील, ध्वनिमुद्रणेही मिळतील. आणि एवढे सारे हाती असूनही, चंगसारखाच तंबोराही त्याला अंदाजाने बोलवावा लागेल.