तपकिरी डागांचा तपास

सात-आठ वर्षांच्या मुलांचे पुढचे नवे दात पाहिले, तर काहींच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे दिसतात. ‘दात नीट घासत जा’ असे आपण सहज सांगून मोकळे होतो. पण हे डाग घासून जात नाहीत. ते का पडतात, हे समजायला तीस वर्षे लागली.

१९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याने अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे दवाखाना सुरू केला. तेथील अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. ग्रंथांत त्यांचा उल्लेख सापडेना. गावकरी कधी डुकराच्या मांसाला, तर कधी निकस दुधाला दोष देत. १९०९ मध्ये ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हे नामवंत संशोधक मॅकेच्या मदतीला आले. गावातच जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांचे दात डागाळलेले आढळले. मोठेपणी तेथे राहायला आलेल्यांचे दात मात्र स्वच्छ होते.

हा फरक महत्त्वाचा होता. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, दात हिरडीबाहेर येण्याआधीच तयार होते. ते घडवणाऱ्या पेशी नंतर नष्ट होतात, त्यामुळे त्यातील दोष शरीराला दुरुस्त करता येत नाही. पुढच्या कायम दातांचे एनॅमल साधारण पहिल्या चार-पाच वर्षांत घडते. म्हणजे आठव्या वर्षी दिसणाऱ्या डागाचे कारण बाळपणात शोधावे लागते.

मॅकेचा संशय पाण्यावर होता. पण पाण्याच्या नेहमीच्या परीक्षणांत काही वावगे निघेना. १९२३ मध्ये तो आयडाहो राज्यातील ओकली गावी गेला. दूरच्या गरम झऱ्याचे पाणी नळाने गावात आले आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले, असे पालकांनीच त्याला सांगितले. त्याच्या सल्ल्यावरून गावाने दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेतले. काही वर्षांनी लहान मुलांचे नवे दात निर्मळ आले. पाण्यात नेमके काय आहे ते कळण्यापूर्वीच उपाय सापडला होता!

अखेरचा धागा मिळाला तो आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या गावी. हे अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे गाव. तेथील मुलांचे दात डागाळलेले, तर पाच मैलांवरच्या गावातील मुलांचे चांगले. अ‍ॅल्युमिनियमची भांडी विषारी असल्याची कुजबुज तेव्हा चालूच होती, त्यामुळे कंपनीचा मुख्य रसायनतज्ज्ञ चर्चिल अस्वस्थ झाला. त्याने पाण्याचे वर्णपटाच्या साहाय्याने परीक्षण करवले. फ्लोराइड निघाले! विश्वास न बसून त्याने नवा नमुना मागवला. उत्तर तेच आले: दहा लाख भागांत १३.७ भाग. १९३१ मध्ये त्याने मॅकेला तसे कळवले. आधीच्या परीक्षणांत फ्लोराइड निघाले नव्हते, कारण ते कोणी शोधलेच नव्हते.

पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या पाण्याची व दातांची तुलना केली. प्रमाण दहा लाखांत सुमारे एक भाग असेल, तर कुरूप डाग पडत नाहीत आणि दात किडण्याचे प्रमाणही घटते, असे त्यांना आढळले. तोच पदार्थ, पण प्रमाणावर सारे अवलंबून.

भारतात १९३७ मध्ये नेल्लोर भागातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त फ्लोराइडमुळे दातच नव्हे, तर हाडेही जखडतात, हे त्यातून पुढे आले. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

अर्थात प्रत्येक डाग फ्लोराइडचा नसतो. बाळपणातील कुपोषण, तीव्र ताप, दुधाच्या दाताला झालेली इजा यांनीही एनॅमल बिघडते. एकाच मुलाचा एखादा दात डागाळलेला असणे वेगळे आणि एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या अनेक मुलांचे दात सारखेच डागाळलेले असणे वेगळे. हा फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वर्गात रोज मुलांकडे पाहणाऱ्या शिक्षकाला तो सर्वांत आधी दिसू शकतो. असे दात दिसले तर मुलाला रागावण्याआधी विचारावे: बाळा, तुझा जन्म कुठला, आणि लहानपणी तुम्ही कुठले पाणी पीत होता?