मॉरिशसचे मराठी : पाच रुपयांच्या मजुरीपासून स्वतःच्या जमिनीपर्यंत

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी समाजांचा विचार करताना इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा ही नावे प्रथम आठवतात. तिथे मराठी माणूस गेला तो बहुधा संस्थानांच्या आश्रयाने, सरदारकीच्या, कारकुनीच्या किंवा पौरोहित्याच्या कामासाठी. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावरचा मराठी समाज मात्र वेगळ्या वाटेने गेला. हातात कुदळ आणि अंगठा उठवलेला करार, एवढ्यावर त्याने तिथे संसार उभा केला. तो कसा उभा राहिला, याची ही थोडक्यात माहिती.

काम कसे मिळाले

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा मॉरिशसमध्ये 1 फेब्रुवारी 1835 पासून अमलात आला. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले आणि करारबद्ध मजुरीचे युग सुरू झाले. 1834 ते 1920 या काळात सुमारे पाच लाख भारतीय या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले, मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, कुलाबा, सातारा या बाजूची मराठी कुटुंबे होती.

पोर्ट लुईसच्या ज्या धक्क्यावर हे लोक उतरत, तो आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो. 2006 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. 2 नोव्हेंबर हा दिवस मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा असतो.

महिन्याचा हिशेब

सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना पाच रुपये मजुरी ठरलेली असे. रोजचा शिधा साधारण दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, थोडे मीठ आणि तेल, शिवाय वर्षाला कपडे आणि कांबळी. राहायला मळ्यावरची झोपडी. कागदावर पाहिले तर खाणे-राहणे भागून पाच रुपये शिल्लक पडावेत. प्रत्यक्षात तसे होत नसे. मजुरी महिनोन्महिने थकत असे. शिवाय ‘दुहेरी कपात’ होती : एक दिवस कामावर गेले नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आजारपणात पाच रुपयांचे तीन व्हायला वेळ लागत नसे. सुरुवातीला परतीचा प्रवास मोफत होता, पण 1850 च्या दशकात ती सोयही गेली. परत जायचे तर भाडे स्वतःच जमवायचे, आणि तेवढे पैसे जमले तर ते इथेच का लावू नयेत, हा विचार पुढे अनेकांनी केला.

करार संपलेल्या मजुरालाही मोकळे फिरता येत नसे. 1867 च्या कायद्याने त्याला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या ठरवून अटक. याविरुद्ध 1871 मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने पुढाकार घेऊन अर्ज केला. त्यावर 9,401 जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठे होते. त्यातून 1872 मध्ये शाही चौकशी आयोग आला आणि 1878 मध्ये मजूर कायदा सुधारला गेला.

मजुरीबाहेरची कमाई

संसार तगला तो मजुरीबाहेरच्या कमाईवर. दारात एखादी गाय, झोपडीमागे भाजीचा वाफा, सकाळी दूध आणि भाजी विकायला फेरी. हा व्याप बऱ्याच अंशी बायकांनी सांभाळला. काहींनी मळ्याचा तुकडा वाट्याने कसायला घेतला. मुकादमाला तिथे ‘सरदार’ म्हणत. त्याच्या हातात चार पैसे अधिक खेळत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातील बीटच्या साखरेमुळे उसाच्या साखरेचे भाव पडले. मळेवाल्यांनी कडेच्या, खडकाळ जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. अनेकदा सरदार किंवा व्यापारी मोठा तुकडा घेत आणि त्याचे लहान भाग हप्त्यांवर विकत. दूध-भाजीतून साठवलेला पैसा या हप्त्यांत गेला. ज्वालामुखीचे दगड वेचून रचून काढायचे, मगच ऊस लावायचा. पण जमीन आपली होती. 1913 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि छोट्या शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरे दार मिळाले.

तरीही ऊस गाळायचा तो मोठ्या गिरणीतच, त्यामुळे भाव गिरणीच्या हाती राहिला. 1937 मध्ये ‘उबा’ जातीच्या उसाचा भाव कमी केल्यावर बेटावर दंगली झाल्या. त्यानंतर 1938 मध्ये कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळाली.

बडोद्याच्या वाचकांसाठी एक दुवा : मजुरांचे खटले लढवण्यासाठी 1907 मध्ये मॉरिशसला गेलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मूळचे बडोद्याचे. गांधीजी 1901 मध्ये तिथे थांबले होते. मणिलाल यांना तिथे जाण्याची प्रेरणा त्यांच्याकडूनच मिळाली.

घर झाले, मग मंडळ झाले

पायाखाली जमीन आली तशी देवळे आणि मंडळ्या उभ्या राहिल्या. संध्याकाळी जमायच्या जागेला तिथे ‘बैठका’ म्हणतात. भजन, अक्षरओळख आणि गावचे निर्णय तिथेच होत. वाक्वा, कास्काव्हेल या भागांत मराठी वस्ती आहे. कोकणातल्या जाखडीचे रूप तिथे ‘झाकरी’ नावाने टिकले आहे. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षण मिळते, शाळांतूनही मराठी शिकवली जाते. घरात आणि बाजारात मात्र क्रिओलच चालते. 1970 नंतरचे कापड कारखाने आणि 1977 पासूनचे मोफत माध्यमिक शिक्षण यांमुळे पुढच्या पिढ्या उसाच्या शेतातून बाहेर पडल्या.

आपल्या कुटुंबाचा शोध घेताना

घरात ‘मोरसला गेलेल्या’ कुणाची आठवण असेल, तर महात्मा गांधी संस्थेतील आप्रवासी अभिलेखागाराचा उपयोग होऊ शकतो. मजुराचा क्रमांक, वडिलांचे नाव, गाव-जिल्हा, जहाज अशा नोंदी तिथे आहेत. आडनावावर विसंबू नये : नोंदणी करताना बहुधा माणसाचे पहिले नावच पुढे आडनाव झाले, तेही इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिलेले. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गावाचे नाव, वडिलांचे नाव आणि जाण्याचा अंदाजे काळ आधी विचारून लिहून ठेवावा. ही माहिती कागदावर नसते, त्यांच्याच आठवणीत असते.