धूळपाटी ते वाचनमाला : शालेय साधने आणि मराठी वाचकाची घडण

१

मराठी समीक्षेने लेखकाचा विचार केला, संहितेचा केला, आणि वाचककेंद्री विचारव्यूहांचा परिचय झाल्यानंतर वाचकाचाही केला. परंतु समीक्षेत वावरणारा हा वाचक बहुधा प्रौढ आणि साक्षर अवस्थेतच अवतरलेला असतो. त्याच्या हाती प्रथम कोणती पाटी आली, त्याने पहिले वाक्य कोणत्या पुस्तकात आणि कोणाच्या मराठीत वाचले, हे प्रश्न शिक्षणशास्त्राचे मानून वाङ्मयविचाराने बाजूला ठेवले. वस्तुतः अभिरुचीचे पहिले संस्कार कोणत्याही कादंबरीआधी शालेय साधनांनी केलेले असतात. पाटी, कित्ता, उजळणी, क्रमिक पुस्तक, वाचनमाला ही साधने दिसतात तितकी निरुपद्रवी नाहीत. मूल शाळेत भाषा घेऊन येते, की शाळेतून भाषा घेऊन जाते, या प्रश्नाचे एकेक उत्तर त्या प्रत्येकात गृहीत धरलेले असते. गेल्या दोन शतकांतील मराठी शालेय साधनांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिला असता वाङ्मयेतिहासातील काही परिचित घटनाही निराळ्या दिसू लागतात.

२

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजीच्या शाळेत छापील पुस्तक नव्हते. फळीवर धूळ पसरून तयार केलेली धूळपाटी, लेखणी, मोडीचा कित्ता आणि पंतोजीचा आवाज एवढीच तेथील साधनसामग्री होती. धुळीवर काढलेले अक्षर पुढच्या अक्षरासाठी पुसावे लागे. त्यामुळे जे टिकवावयाचे ते स्मरणातच टिकवणे भाग होते. अभ्यासाचा आरंभ ‘ओनामासिधं’ या घोषाने होई. ‘ॐ नमः सिद्धम्’ हे त्याचे मूळ रूप शिकणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अर्थापेक्षा उच्चार अधिक टिकाऊ ठरल्याचे हे उत्तम उदाहरण होय. त्यानंतर पाढे आणि अपूर्णांकांच्या पावकी, निमकी, पाउणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी, औटकी. संध्याकाळच्या परवच्यात ही सारी संपत्ती सामुदायिक स्वरात पुन्हा मोजली जाई. बाजारातील शेर-पायलीचा आणि सावकाराच्या व्याजाचा हिशेब करण्यास हे शिक्षण पुरेसे होते.

वाङ्मय मात्र या शाळेत शिकवले जात नव्हते. ओवी, अभंग, पोवाडा आणि आख्यान हे सारे कीर्तनात, जात्यावर आणि देवळाच्या ओसरीवर कानी पडे. भाषा शाळेबाहेरच घडत असल्यामुळे ती दुरुस्त करण्याची जबाबदारी पंतोजीवर नव्हती. या व्यवस्थेला सुवर्णयुग ठरविण्याचे मात्र कारण नाही. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना आणि जवळजवळ सर्व मुलींना तिचे दार बंद होते. जे आत होते त्यांच्या बोलीला शाळेने हात लावला नाही. जे बाहेर होते त्यांना तिने ओळखलेच नाही.

३

छापील शालेय पुस्तकाचा मराठीतील एक अगदी आरंभीचा प्रयत्न महाराष्ट्राबाहेर झाला. तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ छापविली. सखण्णा पंडितांनी केलेला इसापच्या कथांचा तो अनुवाद होता. पुढे १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळीने हे काम संस्थात्मक पातळीवर हाती घेतले. मंडळीचे एतद्देशीय सचिव सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘बाळमित्रा’चे मूळ बर्कँ या फ्रेंच लेखकाचे, ते इंग्रजीमार्गे मराठीत आले.

या पुस्तकांच्या ललितगुणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु त्यांनी घडविलेले स्थित्यंतर त्याहून मोठे आहे. मूल या व्यक्तीला उद्देशून लिहिलेले मराठी गद्य येथे प्रथमच ठळकपणे सिद्ध झाले. बखरीचा श्रोता दरबारी, पुराणाचा श्रोता भाविक, तर ‘बाळमित्रा’चा वाचक एकट्याने पान उलटणारे मूल. त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलावे, वाक्य किती लांब असावे, उपदेश कोठे थांबावा, हे प्रश्न मराठी गद्यलेखकापुढे प्रथम शालेय पुस्तकाने उभे केले. कथात्म गद्याचा सराव मराठीने बऱ्याच अंशी या पुस्तकांत केला, आणि कादंबरी त्यानंतर आली.

याच टप्प्यावर लिपीचाही निर्णय झाला. दैनंदिन व्यवहाराची लिपी मोडी होती. छापखान्याने बालबोध पसंत केली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राथमिक शाळांतून मोडी शिकविली जात राहिली. तथापि छापील पुस्तक बालबोधीत आणि घरचा कागद मोडीत, अशी फाळणी मुलाच्या मनात पडली. वाचण्याची भाषा आणि वापरण्याची भाषा यांत अंतर असते, हा धडा त्याला कोणत्याही पाठाआधी मिळाला.

४

ते अंतर प्रमाणित करण्याचे श्रेय आणि दोष दोन्ही मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांच्याकडे जातात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ आणि १८५७ या दोन्ही आवृत्त्यांशी त्यांचा संबंध होता. मराठी भाषांतरकार या अधिकारपदावरून शालेय पुस्तकांचे मराठी तपासण्याचे काम त्यांनी दीर्घकाळ केले. १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाल्यानंतर सरकारी शाळांत चाललेल्या क्रमिक पुस्तकांवर त्यांचा ठसा उमटला. १८५० मध्ये त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. मराठी वाक्यात स्वल्पविराम आणि पूर्णविराम स्थिरावले ते या प्रयत्नामुळे.

विरामचिन्हांचा हा स्वीकार केवळ मुद्रणाची सोय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. पंतोजीच्या शाळेत कोठे थांबावयाचे हे श्वास ठरवीत असे. आता ते चिन्ह ठरवू लागले. मोठ्याने म्हणण्याच्या वाचनाकडून डोळ्यांनी करावयाच्या वाचनाकडे झालेला हा प्रवास मराठी गद्याच्या वाक्यरचनेवर खोल परिणाम करून गेला. उपवाक्ये जोडीत जाणारे, विरामचिन्हांवर तोललेले लांब वाक्य या नव्या वाचनपद्धतीत सुलभ झाले. त्याबरोबरच शुद्ध आणि अशुद्ध यांची कसोटीही छापील पानावर येऊन बसली. एका इंग्रज अधिकाऱ्याने पुण्यातील शास्त्र्यांच्या साहाय्याने निश्चित केलेली शिष्ट मराठी ही खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या आणि कोकणातल्या मुलाची शालेय भाषा झाली. मूल भाषा घेऊन येते ही शक्यताच क्रमिक पुस्तकाने विचारात घेतली नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा आरंभीच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीचा विचार त्यांना आवश्यक वाटला. ‘निबंधमाले’च्या आगेमागे ते ‘शालापत्रक’ या मासिकाचे संपादन करीत होते आणि सरकारी शाळेत अध्यापनही करीत होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मराठी निबंधाची प्रौढ शैली वर्गाच्या इतक्या निकट जन्मली. परकीय वर्चस्वावर चिपळूणकरांचा रोष होता. परंतु शिष्ट मराठी हीच मराठी, या गृहीताला त्यांनी धक्का लावला नाही.

तो धक्का जोतीराव फुले यांनी दिला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमाचा नेमका आराखडा मांडला. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, आणि त्याबरोबर शेती, नीती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान त्यांना हवे होते. चालू पुस्तके व्यवहारोपयोगी नसल्याने ती नव्याने रचावीत आणि शिक्षक शेतकरीवर्गातून घ्यावेत, अशीही त्यांची मागणी होती. शिक्षणाच्या इतिहासात या निवेदनाचा उल्लेख नेहमी येतो. वाङ्मयविचारात तो क्वचितच येतो. परंतु पुस्तक कोणाच्या अनुभवावर रचावे आणि ते कोणाच्या तोंडून ऐकू यावे, हे प्रश्न वाङ्मयीनच आहेत. मोडीचा फुल्यांनी धरलेला आग्रहही या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. ज्या लिपीत कर्जरोखे लिहिले जात ती लिपी शेतकऱ्याच्या मुलाला वाचता यावी, हे त्या आग्रहातून साधणार होते.

५

विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत दोन अगदी भिन्न प्रयोग सुरू झाले. पहिला प्रल्हाद केशव अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’चा. पुण्याच्या कँपातील शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या आणि लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेऊन आलेल्या अत्र्यांना क्रमिक पुस्तकातील निर्जीव उपदेशाचा तिटकारा होता. त्यांनी समकालीन लेखक-कवींना पाठ्यपुस्तकात आणले आणि विनोदाला तेथे मानाचे स्थान दिले. मुलाचे हसणे हा वाचनाचा कायदेशीर हेतू ठरला. वाङ्मयीन दृष्टीने ही घटना लहान नाही. हयात लेखकांना अभिजाततेचा पहिला शिक्का विद्यापीठाऐवजी वाचनमालेने द्यावा, हे प्रथमच इतक्या उघडपणे घडले. तथापि या मालेला अभिप्रेत असलेले हसरे मूल बव्हंशी शहरी, पांढरपेशे आणि घरी प्रमाण मराठी बोलणारे होते. ते भाषा घेऊन येत होते हे खरे. पण ती भाषा शाळेला आधीच मान्य असलेली होती.

दुसरा प्रयोग ताराबाई मोडक यांचा. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने वारली पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या आल्या. मुले गुरांमागे जात म्हणून शाळाच कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ हा नवा शब्द मराठीला मिळाला.

कोसबादचे महत्त्व काटकसरीत नाही. मोजण्यासाठी मुलाच्या हाती त्याने स्वतः वेचलेली बी दिली की त्या बीचे नाव सांगण्याचा अधिकार मुलाकडे जातो. शिक्षकाला ते नाव मुलाकडून शिकावे लागते. छापील पुस्तकाने शंभर वर्षे ज्या दिशेने भाषा वाहून नेली तिच्या उलट दिशेने ती येथे काही काळ वाहिली. मराठी साहित्यातील ग्रामीण आणि आदिवासी जाणिवेचा इतिहास लिहिताना या वर्गाची नोंद होत नाही, कारण त्याने संहिता मागे ठेवली नाही. साधन खड्या-बियांचे असले की इतिहासाला पुरावा उरत नाही.

६

२७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच ‘बालभारती’, स्थापन झाले आणि खाजगी वाचनमालांचे युग ओसरले. गडचिरोलीतील आणि गिरगावातील मुलाच्या हाती एकच, परवडणाऱ्या किमतीचे पुस्तक आले. ही समता खरी होती आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र निवड एका ठिकाणी एकवटल्यामुळे पाठ्यपुस्तक हेच महाराष्ट्रातील सर्वांत प्रभावी वाङ्मयीन संकलन झाले. ज्या घरांत दुसरे पुस्तक नाही, तेथे त्यातील पंधरा-वीस पाठ म्हणजेच मराठी साहित्य.

या संकलनाने बोलींना दार उघडले, हेही नोंदवावयास हवे. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या रचना १९५२ मध्ये ग्रंथरूप झाल्या, त्या अत्र्यांच्याच पुढाकाराने; पुढे त्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावल्या. परंतु कवितेखालच्या शब्दार्थांची मांडणी पाहण्यासारखी आहे. डावीकडे बोलीतला शब्द, उजवीकडे प्रमाण शब्द. जळगावकडील मुलाला डावीकडचा शब्द घरचा असतो आणि खुलासा परका. जो शब्द त्याला सांगता आला असता तोच त्याला समजावून दिला जातो. बोली पाठ्यपुस्तकात आली. तिचा बोलणारा मात्र अद्याप विद्यार्थीच राहिला.

२०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन सुचविले गेले तेव्हा उठलेले वादळ या दीर्घ इतिहासाच्या संदर्भात अधिक नीट समजते. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक आधी लिहिला जातो. ‘त्रेसष्ट’ ऐकणारे मूल तीन आधी ऐकते आणि ३६ लिहून बसते. ‘एकोणऐंशी’ ऐकताना त्याला ऐंशीतून एक वजा करावा लागतो. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा युक्तिवाद या अडचणीवर आधारलेला होता, आणि जुनी रूपे काढून टाकण्याचा त्यात हेतू नव्हता. विरोधकांना जोडाक्षरांनी घट्ट विणलेल्या संख्यानामांत भाषेचे सौंदर्य आणि परंपरा दिसत होती. दोन्ही बाजूंनी मुलाचे नाव घेतले. तथापि वादाचे मूळ कान आणि डोळा यांच्यातील त्या जुन्या फारकतीत होते, जी धूळपाटी जाऊन छापील पान आले तेव्हा पडली. ‘एकवीस’ हे परवच्यासाठी घडलेले रूप आहे. सामुदायिक स्वरात, रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षे म्हटले तर ते अडत नाही. परवचा गेला आणि रूप उरले. साधन बदलले की त्यावर पोसलेल्या भाषेला नवा आधार द्यावा लागतो, एवढाच या वादाचा बोध घेता आला असता. तो घेतला गेला नाही.

त्या चर्चेत बोलले ते गणितज्ञ, राजकारणी आणि वृत्तपत्रे. वाङ्मयसमीक्षेचा स्वर तीत क्षीणच होता. संख्यानामांची घडण, उच्चार आणि लेखन यांचा संबंध, प्रमाण आणि बोली यांतील सत्तासंबंध हे विषय वस्तुतः तिच्याच अभ्यासक्षेत्रातले आहेत. मराठी वाचक कमी होत असल्याची चिंता समीक्षा नित्य व्यक्त करते. तो वाचक घडतो त्या वर्गात, दुसरीच्या पुस्तकातील शब्दार्थांच्या दोन रकान्यांसमोर, तिने काही काळ बसणे अगत्याचे आहे.